ग्रेस विल्यम्स ऐकायला सुरुवात कशी करायची: खास मुंबईकरांसाठी

वेस्टर्न क्लासिकल ऐकायचंय, कुठून सुरुवात करू, असं कुणी विचारलं की मी सरळ ग्रेस विल्यम्सचं नाव सांगते. बहुतेकांनी ऐकलेलं नसतं. वेल्सच्या संगीतकार, जन्म १९०६, निधन १९७७, आणि जन्म आणि मृत्यू दोन्ही एकाच गावात, बॅरी नावाच्या बंदरात. बेथोव्हेन, ब्राम्स नंतर ऐकाच, पण ज्याने ऑर्केस्ट्रा कधी नीट ऐकलेला नाही त्याला पहिल्याच दिवशी चाळीस मिनिटांची सिम्फनी दिली की दहाव्या मिनिटाला लक्ष सुटतं आणि मग तो म्हणतो हे आपल्याला कळत नाही. ग्रेसबाईंचं तसं नाही, त्यांचे तुकडे छोटे आहेत, सुरावट धरता येते, आणि पहिल्यांदा ऐकायला त्यांची सगळ्यात चांगली रचना, 'सी स्केचेस', ती समुद्राबद्दलच आहे, आणि समुद्र काय असतो हे मुंबईच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही.

तर पहिलं काम म्हणजे रेकॉर्डिंग शोधणं. यूट्यूबवर किंवा जे काही म्युझिक ऍप तुम्ही वापरता त्याच्यावर नुसतं ग्रेस विल्यम्स टाकू नका, त्या नावाच्या दुसऱ्याच बऱ्याच जणी निघतात, नावासोबत 'सी स्केचेस' टाका. तिथे लिरिटा या रेकॉर्ड कंपनीचं रेकॉर्डिंग बघा, इंग्लिश चेंबर ऑर्केस्ट्रा आणि कंडक्टर डेव्हिड अॅथर्टन, मी सगळ्यांना तेच देते. पाच तुकडे आहेत, सगळे मिळून सतरा-अठरा मिनिटं, म्हणजे दादर ते अंधेरी स्लो लोकलमध्ये आरामात संपतं (पण लोकलमध्ये ऐकू नका, का ते पुढे सांगते). ऍपमध्ये हे पाच तुकडे पाच वेगळे ट्रॅक म्हणून दिसतात, त्यामुळे शफल आधी बंद करा, फ्री अकाउंटवर शफल बंद होत नसेल तर यूट्यूबवर सलग असलेला व्हिडिओ शोधा, कारण क्रम बिघडला की सगळं गेलं. सेटिंगमध्ये आवाज एकसारखा करणारा ऑप्शन असतो, व्हॉल्यूम नॉर्मलाइज की काय म्हणतात तो, तोही बंद करा. सिनेमाच्या गाण्याला त्याने फरक पडत नाही, पण इथे हळू वाजवलेलं हळूच ऐकू आलं पाहिजे आणि लाट फुटली की दचकायला झालं पाहिजे.

हेडफोन महागडे पाहिजेत असं काही नाही. साधे वायरवाले, कानात नीट बसणारे, चालतील. लोकलमध्ये का नको तर तिसरा तुकडा इतका दबक्या आवाजात आहे की गाडीच्या खडखडाटात तो अख्खा गायब होतो आणि तुम्हाला वाटतं फोन हँग झाला. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा घरी, पंखा बंद करून ऐका. दुसऱ्यांदा समुद्रावर.

आता ऐकायचं काय. सी स्केचेस १९४४ मधलं आहे, फक्त तंतुवाद्यांसाठी, म्हणजे व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि डबल बेस, बस. बासरी नाही, ट्रम्पेट नाही, ढोल-ताशे तर नाहीतच. नवशिक्यासाठी हे बरं पडतं कारण एकाच जातीच्या वाद्यांचा आवाज कानाला लवकर ओळखीचा होतो, वरचा आवाज व्हायोलिनचा, खालचा घुमणारा बेसचा, एवढं कळलं तरी पुरे. लिहिलं तेव्हा युद्ध चालू होतं आणि बाई गावापासून लांब इंग्लंडमध्ये नोकरी करत होत्या. ही रचना त्यांनी आईवडिलांना अर्पण केली आहे, ग्लॅमॉर्गनच्या, म्हणजे बॅरी ज्यात येतं त्या परगण्याच्या, किनाऱ्यावर घर करायची अक्कल दाखवल्याबद्दल, असं त्या अर्पणपत्रिकेचं साधारण म्हणणं. मला ती अर्पणपत्रिका फार आवडते, कारण समुद्राजवळ वाढलेला माणूस लांब गेला की त्याला नक्की कशाची भूक लागते ते त्यात आहे.

पहिला तुकडा 'हाय विंड', म्हणजे जोराचा वारा. इथे गाणं शोधू नका, इथे वाराच ऐकायचा. पहिल्या फेरीत फक्त एकच करा: व्हायोलिनवाले वर सळसळत असतात तेव्हा खाली बेस आणि चेलो काय करतायत तिकडे कान लावा. वरचा आवाज सारखा पळत असतो आणि खालचा त्याला मधूनमधून ढकलतो. दोन आवाज वेगळे धरता आले की ऑर्केस्ट्रा ऐकण्याचं निम्मं काम झालं, खरंच सांगते, त्याच्यापुढे सगळं सरावाचं आहे. ऐकायची जागा म्हणाल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी दोन-तीन दिवस जो वारा सुटतो ना, बँडस्टँडला किंवा दादर चौपाटीला वाळू तोंडावर उडवणारा, तेव्हा जा.

दुसरा 'सेलिंग साँग', होडीचं गाणं. यात चाल आहे, डुलणारी, हा तुकडा सगळ्यांना पहिल्या फटक्यात आवडतो त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. नारळी पौर्णिमेनंतर कधीही वर्सोव्याला नाहीतर वरळी कोळीवाड्याला जाऊन बघा, पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठून होड्या परत पाण्यात गेलेल्या असतात, तिथे ऐका.

तिसरा 'चॅनल सायरन्स' आणि माझ्या मते हाच या पाचातला सगळ्यात मोठा तुकडा आहे, लांबीने नव्हे, कामाने. बॅरी ब्रिस्टल चॅनलवर आहे, एका बाजूला वेल्स, समोर इंग्लंड आणि मधे पाणी, तिथे धुकं पडलं की जहाजांना इशारा म्हणून भोंगे वाजायचे, घरात बसून ऐकू यायचे. बॅरी काही पिकनिकचं गाव नव्हतं फक्त, १८८९ मध्ये तिथली गोदी सुरू झाली आणि १९१३ साली जगातलं सगळ्यात जास्त कोळसा निर्यात करणारं बंदर ते होतं, म्हणजे ग्रेसबाई सात वर्षांच्या असताना दारासमोरून रात्रंदिवस कोळशाची जहाजं. त्या भोंग्यांचा आवाज त्यांनी फक्त व्हायोलिन-चेलोतून काढलाय. ऐकताना चाल शोधलीत तर हाताला काही लागणार नाही. एक सूर येतो, थांबतो, लांबून दुसरा येतो, दोघं एकमेकांना थोडे खटकतात आणि तसेच विरतात. ते खटकणं सोडवायची घाई बाई करत नाहीत, आणि आपणही करायची नाही, ऐकत राहायचं. मुंबईत हे ऐकायला सगळ्यात चांगली रात्र ३१ डिसेंबरची, बारा वाजता बंदरातली जहाजं भोंगे वाजवतात, माझगाव, शिवडी, कुलाबा इकडे राहणाऱ्यांना माहीतच आहे. फटाक्यांच्या आवाजातून ते भोंगे वेगळे काढून ऐकायचे, मग दुसऱ्या दिवशी सकाळी हा तुकडा लावायचा. ज्यांना इतकं थांबायचं नाही त्यांनी भाऊच्या धक्क्यावरून सकाळची लाँच पकडा.

चौथा 'ब्रेकर्स', फुटणाऱ्या लाटा, जोरात आणि झपाझप, आणि हा ऐकायला भरतीची वेळ साधावी लागते. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते, पेपरात तक्ता येतो, तो कापून ठेवा. तक्ता हाताशी नसेल तर किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची, अष्टमी असेल तर आठाचे पाऊण म्हणजे सहा, म्हणून सहाच्या सुमाराला भरती, चतुर्थीला तीनच्या सुमाराला, पौर्णिमा-अमावास्येला दुपारी सव्वाअकरा ते साडेबाराच्या आसपास. थोडंफार मागेपुढे होतं पण अंदाजाला पक्का. मोठ्या भरतीला मरीन ड्राइव्ह किंवा वरळी सी फेसला जा, पण कठड्यापासून लांब, रस्त्याच्या अलीकडे उभे राहा, आणि त्या सिमेंटच्या तिकोनी ठोकळ्यांवर उतरायचं नाही म्हणजे नाही, दरवर्षी माणसं जातात तिथे. एक कान उघडा ठेवा. ब्रेकर्स छोटा आहे, तो दोन-तीनदा लावा, एकदा समुद्राकडे बघत आणि एकदा डोळे मिटून.

जाता जाता, ग्रेसबाईंच्या समुद्राची भरती आपल्यापेक्षा फार मोठी. ब्रिस्टल चॅनल आणि वर सेव्हर्न नदीचं मुख, तिथे भरती-ओहोटीतला फरक चौदा मीटरपर्यंत जातो, जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक. आपल्याकडे पाच मीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. त्यामुळे ब्रेकर्समध्ये एवढा जोर का आहे असा प्रश्न पडला तर उत्तर तिथे आहे.

पाचवा 'काम सी इन समर', उन्हाळ्यातला शांत समुद्र. त्यांच्याकडचा उन्हाळा म्हणजे आपली डिसेंबर-जानेवारीची संध्याकाळ, तेव्हाच ऐका, मे महिन्याच्या घामात हा तुकडा लागत नाही. सावकाश आहे, एक लांब सुरावट चढत जाते आणि भरून येते आणि उतरते. आलाप ऐकायची सवय ज्यांना आहे त्यांना हा लगेच जवळचा वाटेल, कारण इथेही घाई नाही, सूर भरेपर्यंत बाई पुढे सरकत नाहीत.

आठवडाभर फक्त एवढंच ऐका. रोज. दुसरं काही नाही. मला माहितीये ऍप लगेच म्हणतं तुम्हाला हेही आवडेल, तिकडे लक्ष देऊ नका.

मग बाईंचं आयुष्य थोडं माहीत करून घ्यायचं, आधी नाही. कारण आधी वाचलं की आपण संगीतात चरित्र शोधत बसतो. १९ फेब्रुवारी १९०६ चा जन्म, आईवडील दोघंही शिक्षक, आणि वडिलांचा बॅरीत मुलांचा कॉयर, म्हणजे समूहगानाचा संच, होता, रोमिली बॉइज कॉयर, चांगला नाव कमावलेला. मुलगी त्या कॉयरला पियानोवर साथ करायची, घरात वडील आणि भाऊ यांच्याबरोबर वाजवायची, व्हायोलिनही शिकली. म्हणजे पहिलं शिक्षण घरातच, रियाजापेक्षा साथीतून. पुढे कार्डिफला कॉलेजात गेल्या त्या मॉर्फिड ओवेन यांच्या नावाच्या स्कॉलरशिपवर, ही मॉर्फिड ओवेन पण वेल्सची संगीतकार, १९१८ मध्ये फक्त सव्वीस वर्षांची असताना गेली, तिच्याबद्दल पुढे येते मी. १९२६ ला लंडनला रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक, तिथे गुरू गॉर्डन जेकब आणि रॅल्फ व्हॉन विल्यम्स (नातं काही नाही, आडनाव सारखं), आणि वर्गात एलिझाबेथ मकॉन्की, इमोजेन होल्स्ट अशा मुली. मकॉन्कीशी मैत्री जन्मभर टिकली, दोघी एकमेकींना नवीन लिहिलेलं पाठवायच्या आणि तोंडावर खरं ते सांगायच्या. १९३० मध्ये स्कॉलरशिप मिळाली आणि व्हिएन्नाला एगॉन वेलेस यांच्याकडे शिकायला गेल्या.

आणि मग नोकरी. लंडनच्या कॅम्डन स्कूल फॉर गर्ल्समध्ये शिकवायला लागल्या, युद्धात मुलींना बाहेर हलवलं तेव्हा त्यांच्याबरोबर लिंकनशरमधल्या ग्रँथमला गेल्या, शाळा सांभाळून लिहीत राहिल्या. नावाजलेला इंग्लिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन त्यांचा मित्र होता, त्याने मदतनीस म्हणून ये असं विचारलं होतं, बाई नाही म्हणाल्या. त्यांना घरी जायचं होतं. युद्धानंतर तब्येत बिघडली आणि त्या बॅरीला परत आल्या आणि मग मरेपर्यंत तिथेच. लंडन सोडणं म्हणजे ओळखी सोडणं, कामं सोडणं, हे त्यांना कळत नव्हतं असं अजिबात नाही, तरी गेल्या. माझं ठाम मत आहे की त्यांचं सगळ्यात पक्कं काम गावी परत आल्यानंतरचं आहे, ते पुढच्या तुकड्यांत ऐकाल.

एक गोष्ट मात्र वाचताना पोटात गोळा येतो. १९५१ च्या मे महिन्यात एके दिवशी त्यांनी आपली सगळी हस्तलिखितं काढली, तपासली आणि वाजवण्यालायक वाटली नाहीत ती बहुतेक नष्ट करून टाकली. पंचेचाळीस वर्षांची बाई, वीसेक वर्षांचं काम समोर. आज जे आपण ऐकतो ते त्या चाळणीतून राहिलेलं आणि त्यानंतरचं. त्याआधी दोनच वर्षं, १९४९ मध्ये त्यांनी 'ब्लू स्कार' या सिनेमाला संगीत दिलं होतं, फीचर फिल्मला संगीत देणारी पहिली ब्रिटिश बाई म्हणून त्यांचंच नाव घेतात. पुढे ओबीई हा ब्रिटिश सरकारी किताब देऊ केला तर घेतला नाही.

दुसरा टप्पा, घरात लहान मुलं असतील तर खूपच सोपा. 'फँटेशिया ऑन वेल्श नर्सरी ट्यून्स', १९४० चं, दहाएक मिनिटं, याच तुकड्याने त्यांचं नाव वेल्सभर झालं. बडबडगीतं आणि अंगाईगीतं, अशा आठ चाली गुंफल्यात आणि पूर्ण ऑर्केस्ट्राने वाजवल्यात. इथे शॉर्टकट घेऊ नका, आधी मूळ गाणी ऐका, वेल्श मुलांचे आणि गावोगावच्या कॉयरचे व्हिडिओ भरपूर आहेत. 'मिगिल्डी मागिल्डी' शोधा. 'जी केफिल बाख' शोधा, केफिल म्हणजे घोडा, मुलाला मांडीवर बसवून उडवत म्हणायचं गाणं, घोड्या घोड्या डोंगरापलीकडे ने, ओढ्यात पाणी, दगड निसरडे, आणि शेवटी दोघं धपकन पडतात आणि मूल खिदळतं. हे सगळ्या आयांना येतं, भाषा कळायची गरजच नाही. दोन-तीन दिवस ही गाणी मुलांच्या कानावर पडू द्या आणि मग फँटेशिया लावा आणि मुलांनाच ओळखायला सांगा आता कुठलं गाणं आलं. मोठ्यांपेक्षा मुलं लवकर ओळखतात. एका चालीतून दुसरीत बाई कशा सरकतात, कुठे वाद्य बदलतात, हे त्या खेळात आपोआप कळतं. चार्ल्स ग्रोव्ह्ज यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं रेकॉर्डिंग आहे, तेही लिरिटाचंच.

तिसरा टप्पा 'पेनिलियन' आणि इथे जरा बसावं लागेल. १९५५ चं काम, वेल्सच्या नॅशनल यूथ ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेलं, म्हणजे वाजवणारी मुलं होती, पण संगीत पोरकट नाही. वेल्समध्ये वीणेच्या, म्हणजे त्यांच्या हार्पच्या साथीने पद्यं म्हणायची एक जुनी पद्धत आहे, तिच्यावरूनच हे नाव. हार्पवाला एक ठरलेली चाल वाजवायला लागतो आणि ती परत परत वाजवत राहतो. गाणारा लगेच सुरू करत नाही, थोडं थांबतो, मग मधूनच उचलतो आणि वेगळीच चाल, वेगळीच पद्यं त्या चालीवर चढवतो, आणि शेवटाला दोघं बरोबर एकाच जागी पोचले पाहिजेत, तिथे चूक चालत नाही. पेटीवाल्याने लेहरा धरलाय आणि तबलजी त्याच्यावर आपलं काम करत करत बरोबर समेवर येतो, ती मजा ज्याला कळते त्याला ही लगेच कळेल. ग्रेसबाईंनी यातला गायक काढून टाकला आणि ते काम ऑर्केस्ट्रातल्या वाद्यांना दिलं.

तर ऐकायचं असं: पहिल्या भागात ट्रम्पेट जे म्हणतो ते गायकाचं आहे असं धरा आणि खाली चाललेली साथ ती हार्पवाल्याची. पहिल्या वेळी फक्त ट्रम्पेट ऐका. दुसऱ्या वेळी फक्त साथ. तिसऱ्या वेळी दोन्ही, आणि गायक कुठे उचलतो तिकडे लक्ष, कारण सुरुवातीला साथ आधी आणि गाणं मागून हे जे आहे ना, ते एकदा कानात बसलं की बाकीचे तीन भाग स्वतःच उलगडतात. अजून एक, त्यांच्या चालींमध्ये एक झटका येतो, आखूड सूर आधी आणि लांब सूर नंतर, टक-काऽऽ असा. वेल्श भाषेत शब्दाचा जोर बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो आणि ती बोलण्याची लय त्यांच्या संगीतात उतरली आहे. हा झटका एकदा पकडलात की पुढे कुठेही ग्रेस विल्यम्स वाजत असेल तर ओळखाल.

इथपर्यंत आलात तर 'बॅलड्स' ऐका, १९६८, त्या वर्षी वेल्सचा राष्ट्रीय आयस्टेडवॉड, म्हणजे कविता-गाण्यांचा त्यांचा मोठा वार्षिक उत्सव, बॅरीतच भरला होता आणि त्यासाठी हे लिहिलं. फँटेशियातल्या लोभस चाली इथे नाहीत, इथे बाई कडक आहेत. त्यानंतर दुसरी सिम्फनी, १९५६ ची, पुढे १९७५ मध्ये स्वतःच परत हात फिरवलेली, लष्करी चालीवर सुरू होते आणि ट्रम्पेट तिथेही आहेच. वर्नन हँडली यांनी बीबीसीच्या वेल्श ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं रेकॉर्डिंग ऐका. ही दोन्ही पहिल्या ऐकण्यात आवडली नाहीत तर ठेवून द्या, महिन्याभराने परत या, जबरदस्ती नको.

सगळ्यात शेवटी 'मिस्सा काम्ब्रेन्सिस', १९७१. हे मोठं आहे, कॉयर, मुलांचा कॉयर, एकल गायक, ऑर्केस्ट्रा. चर्चमधल्या लॅटिन मासचं, म्हणजे तिथल्या मुख्य उपासनेचं, पण श्रद्धेचा जो मधला भाग आहे तिथे लॅटिन थांबतं आणि मुलं वेल्श भाषेत नाताळचं गाणं गातात, सॉन्डर्स लुईस यांची कविता. आणि मग बायबलमधली वचनं वेल्शमध्ये नुसती वाचली जातात, गाणं नाही, बोलणं. वांद्र्याच्या माउंट मेरीला किंवा गिरगाव-माहीमच्या चर्चमध्ये ज्यांनी मराठी-कोकणी-इंग्रजी प्रार्थना एकामागून एक ऐकल्यात त्यांना हे नवीन वाटणार नाही. बाकीच्यांनी मासचा मजकूर भाषांतरात एकदा वाचून घ्या, पाच भाग आहेत, समोर ठेवून ऐका, त्याशिवाय मधे हरवायला होतं.

ही रचना कितीतरी वर्षं रेकॉर्डच झालेली नव्हती, आता झाली आहे, लिरिटानेच केली. म्हणजे आत्ता ऐकणारे आपण नशीबवान.

प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर? मुंबईत त्याची जागा म्हणजे नरिमन पॉइंटचं एनसीपीए. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून तिथलीच, जमशेद भाभा थिएटरमध्ये त्यांचे सीझन होतात, शिवाय छोट्या चेंबर मैफली वर्षभर. ग्रेस विल्यम्स कार्यक्रमात दिसेल या भरवशावर बसू नका, जे काही तंतुवाद्यांचं लागेल ते ऐकायला जा. कान तयार करायला प्रत्यक्ष बेसचा आवाज छातीत जाणवणं फार गरजेचं आहे, हेडफोन ते देत नाही. स्वस्तातली वरची तिकिटं लवकर संपतात म्हणून बुकिंग सुरू झाल्याझाल्या घ्या, वरून ऑर्केस्ट्रा चांगला दिसतो आणि कुठला आवाज कुठून येतोय ते कळतं. तुकड्यांच्या मधे टाळ्या वाजवायच्या नाहीत, कंडक्टरचे हात पूर्ण खाली आले आणि तो वळला की मग. आणि कार्यक्रम संपल्यावर अभिप्राय मागतात तेव्हा सी स्केचेस वाजवा असं लिहा. पाच जणांनी लिहिलं तर कुणीतरी बघेल.

वाजवणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. मुंबईत व्हायोलिन-चेलो शिकणारी मुलं आता कितीतरी आहेत, आणि सी स्केचेस फक्त तंतुवाद्यांचं असल्यामुळे वीस-पंचवीस जणांच्या ग्रुपला झेपू शकतं. सेलिंग साँग आणि काम सी यांच्यापासून सुरू करा, हाय विंड आणि ब्रेकर्सला बोटं आणि गज दोन्ही पक्के पाहिजेत. एक लक्षात ठेवा, बाई १९७७ मध्ये गेल्या, आपल्या कायद्यात निधनानंतर साठ वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे २०३७ संपेपर्यंत. फुकट पीडीएफ शोधून झेरॉक्स काढून वाटायचं काम करायचं नाही. सी स्केचेसचा स्कोअर, म्हणजे छापील स्वरलिपी, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसचा आहे, वाजवायचे भाग रीतसर मागवावे लागतात, आणि वेल्सच्या संगीतकारांचं बाकी काही हवं असेल तर कार्डिफची टी केर्द ही संस्था तेच काम करते, त्यांना मेल टाकता येतो. वर्गणी काढा, कार्यक्रमाच्या तीन-चार महिने आधी हालचाल करा.

मॉर्फिड ओवेन राहिली. ग्रेसबाई संपल्या की तिच्याकडे जा, तिची पियानोच्या साथीची गाणी आधी, दोन-तीन मिनिटांची एकेक. मग विल्यम मथायस, अॅलन हॉडिनॉट, ही वेल्सची पुढची पिढी. पण हे सगळं वर्षभराचं काम आहे. येत्या पौर्णिमेला दुपारी बाराच्या सुमाराला मोठी भरती आहे, तोपर्यंत पहिले तीन तुकडे घरी ऐकून घ्या म्हणजे ब्रेकर्स घेऊन थेट वरळीला जाता येईल.